मुलगी जपानी शिकायचं म्हणते

'बारावीनंतर काय?' हा आपला कार्यक्रम झाला, त्या दिवशी एका ताईंचा फोन आला होता. मुलगी कला शाखेतून बारावी झालीय, गुण चांगले आहेत, आणि आता पुण्याला जाऊन जपानी भाषेची पदवी घ्यायची म्हणून हटून बसलीय. ताईंनी तीन प्रश्न विचारले. अशी पदवी खरंच असते, की ही क्लासवाल्यांची जाहिरात? मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला ती झेपेल का? आणि तिसरा प्रश्न, आवाज जरा खाली आणून: गटातून कर्ज काढून घालावं का?

त्या दिवशी वेळ संपत आली होती. आज निवांत बोलू.

मी बचत गटांची सहयोगिनी. बी.ए. केलं ते मराठीत, जपानी मला येत नाही. पण आमच्याच एका गटातल्या ताईंची मुलगी पुण्यात जपानीच्या बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती सुट्टीत गावी आली तेव्हा चार संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी तिच्या वह्या, पुस्तकं, अभ्यासक्रम सगळं चाळलं आणि मनात येईल ते विचारलं. शिवाय काही वाचलं. ते तुम्हाला सांगते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, अशी पदवी असते. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची बी.ए. आणि एम.ए. आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत आहे. दुसरं काही शिकता शिकता किंवा नोकरी सांभाळून करता येतील असे प्रमाणपत्र, पदविका हे अर्धवेळ अभ्यासक्रम तिथं चालतात. बाहेर जायची तयारी असेल तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, शांतिनिकेतनची विश्वभारती आहे. पुण्यात हे काल-परवा उगवलेलं नाही. सत्तरच्या दशकापासून तिथं जपानी शिकवलं जातंय. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल, सहलीला नेतात तिथं. ती बागसुद्धा जपानमधल्या ओकायामा शहरातल्या जुन्या बागेच्या धर्तीवर केलेली आहे. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची बाग.

पदवी आणि क्लास यात फरक काय, ते बोलण्याच्या ओघात येईलच. आधी दुसरा प्रश्न घेते, झेपेल का. मला सगळ्यात नवल इथं वाटलं.

'मी पाणी पिते' हे जपानीत कसं म्हणायचं? 'वाताशी वा मिझु ओ नोमिमास.' वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमास म्हणजे पिते. बघा, आधी मी, मग पाणी, शेवटी पिते. क्रम आपलाच. इंग्रजी शिकताना आपली जी तारांबळ उडते, क्रियापद मध्येच आणून बसवायचं, ती इथं नाही. आपण 'पुण्याला' म्हणताना 'ला' मागून जोडतो, तसं ते 'पुणे नि' म्हणतात. पुण्याहून म्हणजे 'पुणे कारा'. मीही म्हणजे 'वाताशी मो'. सगळे जोड शब्दाच्या मागून. आणि प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी काय लावायचं? 'का'! 'इकिमास' म्हणजे जाते, 'इकिमास का' म्हणजे जाता का. 'छान आहे ना?' मधल्या आपल्या 'ना'च्या जागी त्यांचा 'ने' येतो. ती पोरगी हे सांगायला लागली तेव्हा तिची आजी शेंगा फोडत बसली होती, ती म्हणाली, मग ही आपलीच बोली की. तसं नाही. दोन भाषांचं काही नातं नाही, 'का' सारखा असणं हा निव्वळ योगायोग. पण वाक्याची घडण जुळते, याचा मराठीत विचार करणाऱ्या मुलीला मोठा आधार होतो. शिवाय त्यांच्या क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. पितो, पिते, पितात, सगळ्याला नोमिमास.

दुसरी जवळीक मात्र योगायोगाची नाही. जपानी बाराखडी ऐका: आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. पुढच्या ओळींची पहिली अक्षरं अशी: सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली म्हणा: क, च, त, न, प, म, य, र, व. च च्या जागी स आहे, प च्या जागी ह आहे, बाकी रांग तीच. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र शिकायचे, ते लिहायला सिद्धम् नावाची भारतीय लिपी चीनमार्गे जपानला गेली. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी कूकाई नावाच्या भिक्षूनं ती चीनहून शिकून नेली. त्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम लागला असं अभ्यासक सांगतात. आपल्या सरस्वतीही त्याच वाटेनं तिकडं गेल्या. तिथं त्यांचं नाव बेंझाइतेन, हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य, आणि विद्येबरोबर पैशाअडक्याचं खातंही लोकांनी त्यांच्याकडेच दिलंय.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, चला, सोपं आहे. थांबा. अवघड भाग आता येतो.

जपानी लिहायला तीन प्रकारची अक्षरं लागतात, आणि एकाच वाक्यात तिन्ही येतात. एक हिरागाना, ४६ अक्षरं. दुसरी काताकाना, तीही ४६, उच्चार तेच पण आकार वेगळे. ती मुख्यतः बाहेरून आलेल्या शब्दांसाठी. आपण टेबल, स्टेशन हे शब्द देवनागरीतच लिहितो. त्यांच्याकडे परका शब्द वेगळ्या अक्षरांत लिहितात, म्हणजे बघताक्षणी कळतं की हा पाहुणा आहे. पावाला ते 'पान' म्हणतात आणि काताकानात लिहितात. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही पोर्तुगिजांनी आणलेले. ही दोन अक्षरमाला मेहनती मुलगी महिन्याभरात शिकते.

खरा डोंगर आहे तो कांजीचा. कांजी म्हणजे चीनमधून घेतलेली चित्रासारखी चिन्हं. एक झाड काढलं की झाड, दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की रान. माणसाशेजारी झाड काढलं की विसावा. शेताखाली बळ काढलं की पुरुष. ऐकायला गंमत वाटते, पण रोजच्या वापरासाठी जपान सरकारनं ठरवलेली कांजी २१३६ आहेत. जपानी मुलं पहिलीत ८० शिकतात आणि सहावीपर्यंत १०२६. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेकरांनाही सहा वर्षांत निम्मीच होतात. आपल्या मुलीनं ती तीन महिन्यांत शिकावीत असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा त्या पहिलीतल्या पोराला भेटावं.

बरं, चिन्ह पाठ झालं म्हणून काम संपत नाही. एका चिन्हाचे वाचायचे प्रकार दोन-तीन असतात. हे मला आधी समजेना. मग त्या पोरीनं आपल्याच भाषेतून समजावलं. आपण एकटा शब्द असला की 'पाणी' म्हणतो, पण जोडशब्दात 'जल' येतं: जलसंधारण, जलवाहिनी. समजा पाण्याचं एकच चिन्ह असतं, तर ते एकटं असताना 'पाणी' वाचायचं आणि दुसऱ्याला चिकटलं की 'जल'. जपानीत तसंच आहे. एकटं असताना 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. 'मिझु' घरचा शब्द, 'सुइ' चीनमधून आलेला, जसा आपला 'जल' संस्कृतातून. आपण 'फुजी सान' म्हणतो आणि समजतो की डोंगराला मानानं 'फुजीजी' म्हणतात. तसं नाही हो. माणसाच्या नावापुढचं मानाचं 'सान' वेगळं, आणि हे 'सान' म्हणजे डोंगराच्या चिन्हाचं दुसरं वाचन.

आता मानाचाच विषय निघालाय तर तो घेऊ. मराठीत आपण तू, तुम्ही, आपण असं बोलतो. ये, या, यावं. जपानीतही मानाच्या पायऱ्या आहेत, आणि क्रियापदच बदलतं. 'खाणे' साधं असेल तर 'ताबेरु'. समोरच्या मोठ्या माणसानं खाल्लं तर 'मेशिआगारु'. मी नम्रपणे खाल्लं तर 'इतादाकु'. जेवायला बसताना आपण श्लोक म्हणतो ना, तसं ते हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे हे मी नम्रपणे घेते.

मराठी मुलीला मान द्यायचा हे शिकवावं लागत नाही. तिला अडखळायला होतं ते दुसरीकडे. आपण बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना मान देतो. 'आमच्या सासूबाई आल्यात', 'साहेब बाहेर गेलेत'. जपानीत बाहेरच्याशी बोलताना आपल्या माणसाला मान द्यायचा नाही, त्याला आपल्याबरोबर खाली घ्यायचं. दुसऱ्याची आई 'ओकासान', पण परक्याजवळ स्वतःच्या आईचा उल्लेख करायचा तर 'हाहा'. कंपनीत बाहेरचा फोन आला आणि कुणी तुमच्या साहेबाला विचारलं, तर साहेबाच्या आडनावापुढं 'सान'सुद्धा लावायचं नाही, नुसतं आडनाव. साहेब शेजारी बसलेला असला तरी! फोन खाली ठेवला की पुन्हा 'सान'. घरचं कोण आणि बाहेरचं कोण, ही रेघ त्यांच्या बोलण्यात पावलोपावली असते. ही रेघ व्याकरणाच्या कोष्टकात पाठ करून येत नाही. त्यासाठी त्यांचं घर, कचेरी, गाव, इतिहास समजावा लागतो. विद्यापीठात भाषेबरोबर इतिहास, समाज, साहित्य का शिकवतात, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर हे.

आणि आता खास आपल्या कामाची गोष्ट. नवऱ्याला जपानीत काय म्हणतात? एक शब्द आहे 'शुजिन'. त्याचा शब्दशः अर्थ मालक. आमचे मालक शेतात गेलेत, असं आपल्याकडे म्हणतात की नाही? तसंच. दुसरा शब्द 'दान्ना', तोही पूर्वी धन्याला म्हणायचे, आणि तो आला संस्कृतातल्या 'दान' या शब्दावरून: दान देणारा, पोसणारा. आणि स्वतःच्या बायकोला? 'कानाइ', म्हणजे घराच्या आतली. दुसऱ्याच्या बायकोला 'ओकुसान', त्यातही 'ओकु' म्हणजे आतला भाग. इतक्या दूर समुद्रापलीकडे, चेहरा वेगळा, जेवण वेगळं, आणि बाईला नाव ठेवलं ते आपल्यासारखंच, घरातली. आता तिथल्या बऱ्याच बायका 'शुजिन' म्हणायचं टाळतात, 'ओत्तो' म्हणतात, म्हणजे नुसतं नवरा. ती पोरगी सांगत होती, वर्गात या एका शब्दावर तासभर चर्चा झाली. तेव्हा तिची आई म्हणाली, आमच्या गटात पण करा की. मग आम्ही केली. ती कशी झाली ते इथं सांगण्यासारखं नाही, पण दोघींनी उखाण्यातला 'मालक' काढून टाकला एवढं सांगते.

हिरागानाचीही एक गोष्ट आहे. हजार वर्षांपूर्वी जपानमध्ये शिकलेले पुरुष चिनी भाषेत लिहायचे. कारभार चिनीत, विद्वत्ता चिनीत. बायकांना ती शिकवायची पद्धत नव्हती. बायका लिहायच्या त्या हिरागानात, म्हणून त्या अक्षरांना 'ओन्नादे' म्हणत, बाईचा हात. कमी प्रतीचं समजलं जाणारं लिखाण. आणि त्याच बायकांच्या अक्षरांत ११व्या शतकाच्या सुरुवातीला राणीच्या पदरी असलेल्या एका बाईनं ५४ भागांची कादंबरी लिहिली, 'गेंजी मोनोगातारी'. जगातल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. लेखिकेला आज मुरासाकी शिकिबु म्हणतात, पण ते तिचं खरं नाव नव्हे. मुरासाकी हे तिच्याच कादंबरीतल्या बाईचं नाव, आणि शिकिबु हे तिच्या वडलांच्या हुद्द्यावरून पडलेलं. हिचं स्वतःचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तिच्या रोजनिशीत असं आहे की भावाला चिनी शिकवत असताना ही शेजारी बसून ऐकायची आणि भावाच्या आधी हिला यायचं. तेव्हा वडील हळहळायचे, ही मुलगा झाली असती तर! मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? त्याच्याही आधी, १०व्या शतकात, एका सरदारानं प्रवासाची रोजनिशी लिहिली ती बाईचं सोंग घेऊन, कारण त्याला आपल्या बोलीत लिहायचं होतं आणि ती अक्षरं बायकांची होती. आपल्याकडे महदाइसेनं धवळे रचले ते १३व्या शतकात, संस्कृताचा दबदबा असताना, मराठीत. एम.ए.ला यावर कुणी पोरीनं शोधनिबंध लिहावा असं मला फार वाटतं. दोन्ही भाषा यायला हव्यात मात्र.

जपानकडे पाहून आपल्या बायकांचं भलं झाल्याचा जुना दाखलाही आहे. तोक्योमध्ये १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं होतं. त्याची माहिती देणारी पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. १९१५च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना अण्णांनी आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं ही कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केलं. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. शिक्षण मातृभाषेतून, हा अण्णांचा आग्रह होता. माझ्या ओळखीच्या निदान डझनभर बायका त्याच विद्यापीठातून घरी बसून परीक्षा देऊन पदवीधर झाल्यात.

पण जपानी बाईचं सगळं गोड चाललंय असंही समजू नका. तिथल्या कायद्यानं लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते बाईच बदलते. याविरुद्ध बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २०१५ साली हरल्या, २०२१ सालीही हरल्या. २०१८ साली तोक्योतल्या एका वैद्यकीय विद्यापीठानं मुलींचे प्रवेश परीक्षेतले गुण मुद्दाम कमी केल्याचं उघड झालं. पदवीच्या वर्गात हेही वाचायला लागतं. बुलेट ट्रेन आणि चेरीची फुलं यांपुरतं जपान नाही.

आता वेळेचा हिशेब. जपानी किती येतं हे मोजायला एक परीक्षा आहे, तिच्या पाच पायऱ्या: एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्यात केंद्र आहे. एन-५ला साधारण शंभर कांजी, एन-४ला तीनशे, एन-२ला हजार, एन-१ला दोन हजार असा अंदाज धरतात. कंपनीत नीट काम करायचं तर बहुधा एन-२ मागतात, निदान एन-३. अमेरिकन सरकार आपल्या वकिलातीतल्या लोकांना जपानी शिकवायला ८८ आठवडे पूर्ण वेळ देतं. स्पॅनिशला त्याच्या निम्माही लागत नाही. आपल्या मुलीला वाक्यरचनेत थोडी सूट मिळेल, कांजीत नाही. आणखी एक: या परीक्षेत बोलायला किंवा लिहायला लावत नाहीत, फक्त वाचून आणि ऐकून योग्य पर्यायावर खूण करायची. त्यामुळे प्रमाणपत्र भिंतीवर आणि तोंडातून शब्द फुटत नाही, अशीही मुलं असतात. विद्यापीठात निबंध, संभाषण, भाषांतर करून घेतात, रोज. तिथं शिकायचं ते यासाठीसुद्धा.

'मोबाइल भाषांतर करतो की आता,' असं आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या. करतो. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते सांगतो. पण साहेबाच्या नावापुढचा 'सान' कधी लावायचा आणि कधी काढायचा, हे त्याच्या भरवशावर सोडून चालायचं नाही.

नोकरीचं सांगते, कारण त्याशिवाय घरातली माणसं ऐकायची नाहीत. पुणे परिसरात जपानी कंपन्या आहेत, जपानसाठी काम करणाऱ्या संगणक कंपन्या आहेत, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं तंत्रज्ञान जपानचं आहे. दुभाषी, भाषांतरकार, शिक्षिका ही सरळ कामं. पण नुसत्या भाषेवर भागेल असं धरून चालू नये. भाषेबरोबर हिशेब, संगणक, यंत्राचं ज्ञान, असं दुसरं काही हातात असेल तर पगार आणि मान दोन्ही वाढतात. पदवीच्या काळात जपानलाही जाता येतं. आपल्या देशात जपानी भाषा-संस्कृती पदवीला शिकणाऱ्यांसाठी जपान सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. निवड झाली तर साधारण वर्षभर तिथल्या विद्यापीठात शिकायला मिळतं, फी, महिन्याचा खर्च आणि विमानाचं भाडं ते देतात. जागा थोड्या असतात. माहिती जपानच्या दिल्लीच्या दूतावासाकडे आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे मिळते. त्यासाठी मधल्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही.

मधल्या माणसाबद्दल मात्र स्पष्ट बोलते. आमच्या तालुक्यात एक गृहस्थ फिरत होते. 'तीन महिने जपानी शिका, जपानला जा, शिकत शिकत लाखभर कमवा.' आगाऊ पैसे मागत होते. दोन गटांतल्या बायका कर्जाचे अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणून सांगते, तीन वेगळ्या वाटांची गल्लत करू नका. पहिली, इथं पदवी घेणं, ते शिक्षण. दुसरी, जपानला विद्यार्थी म्हणून जाणं. तिथं परवानगी काढून आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येतं, त्यात फी आणि राहणं भागून वर लाखभर उरेल हे विसरा. तिसरी, कामगार म्हणून जाणं. एप्रिल २०१९पासून जपाननं विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी व्हिसा सुरू केलाय, त्यात म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचं कामही आहे, आणि भारताशी तसा करार २०२१ साली झाला. त्यासाठी कामाची परीक्षा आणि साधारण एन-४ इतकं जपानी लागतं. ही वाट वाईट नाही, प्रामाणिक कष्टाची आहे. पण परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटकडे भारत सरकारची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासून घ्या, आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. क्रमांक विचारल्यावर आमच्याकडचे गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

राहिला कर्जाचा प्रश्न. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. गटाचं अंतर्गत कर्ज दहा-बारा महिन्यांत फेडायचं असतं, व्याज महिन्याच्या महिन्याला. शेळी घेतली, शिलाई यंत्र घेतलं, तर त्यातून हप्ता निघतो. पदवी तीन-चार वर्षांची, आणि तिचं पीक त्याच्याही पुढं. सगळी फी गटाच्या कर्जातून भरायला गेलात तर मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना तुमचे हप्ते थकतील, आणि मग सगळ्यात आधी घरी बोलावणार कुणाला? तिलाच. मुलगा असता तर शेत गहाण टाकलं असतं, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. त्याची फेड शिक्षण संपल्यावर सुरू होते, अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. महाडीबीटीवर आपल्या प्रवर्गाच्या शिष्यवृत्त्या तपासा. संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे प्रवेशाआधी विचारा, कारण बँक आणि शिष्यवृत्ती दोन्ही तेच विचारणार. गटाचं कर्ज ठेवा ते लहान, एकवेळच्या खर्चांसाठी: वसतिगृहाची अनामत, पुस्तकं, एन-५, एन-४ची परीक्षा फी. आमच्या त्या ताईंनी असंच केलं. गटातून बारा हजार घेतले, अकरा हप्त्यांत फेडले, बाकी बँक.

पोरीला पाठवण्याआधी एक करून पाहता येईल. पाठ्यपुस्तकांतली समज बऱ्याचदा इंग्रजीतून दिलेली असते, तेवढं इंग्रजी वाचायची सवय आतापासून लावा. आणि तिला महिनाभर हिरागाना गिरवू द्या, रोज पाच अक्षरं, चौकटीच्या वहीत, रेघ ज्या क्रमानं काढायची त्याच क्रमानं. कांजीचा अभ्यास म्हणजे हेच काम, पुढची कितीतरी वर्षं. महिन्यानंतरही वही तीच उघडत असेल, तुम्ही न सांगता, तर पुढचं बोला. ४६ अक्षरांचा मोठा तक्ता, प्रत्येकाखाली देवनागरीत उच्चार लिहून, आपल्या रेडिओ केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर लावलाय. उतरवून घ्यायला कुणीही यावं, सकाळी अकरा ते चार, बाजाराचा दिवस सोडून.